रूळ, दगड आणि चाक

फ्लोरा फाउंटनच्या भोवतालचा चौक नव्यानं बांधायला घेतला, तेव्हा 2018च्या सुमारास डांबराच्या थराखालून ट्रामचे रूळ वर आले. वर्तमानपत्रांत छायाचित्रं छापून आली. येणारेजाणारे थांबून मोबाइलवर टिपत होते. मीही मुद्दाम दादरहून जाऊन ते पाहून आलो. माझ्या वयाच्या माणसाला ट्रामचा रूळ म्हणजे काही भुईतून निघालेली मूर्ती नव्हे. तरी पन्नासएक वर्षांनी तो असा उघड्यावर पडलेला पाहून मला पहिल्यांदा ट्राम आठवलीच नाही. आठवली ती वडिलांची सायकल.

वडील नायगावच्या चाळीतून फोर्टातल्या कचेरीत जात. ट्रामचं भाडं परवडत नव्हतं असं नाही, पण महिनाअखेरीला सायकल परवडे. त्यांच्या डाव्या कोपरावर एक लांब पांढरा व्रण होता. परळच्या नाक्यावर ऐन श्रावणात पुढचं चाक रुळाच्या खाचेत बसलं आणि ते दगडांवर घासत गेले, त्याची ती खूण. मला सायकल शिकवताना त्यांनी तोल, ब्रेक, घंटी यांपैकी काहीच आधी सांगितलं नाही. आधी सांगितलं ते रूळ कसा ओलांडायचा ते. रुळाच्या अंगानं कधी जायचं नाही. हँडल वळवून तो आडवा कापायचा, आणि कापताना ब्रेक लावायचा नाही. मी शिकलो तेव्हा ट्राम बंद पडून काही वर्षं झाली होती. तरी धडा रुळापासूनच सुरू झाला.

या लेखाचा विषय म्हटला तर सायकलशर्यतीचा आहे, म्हटला तर रस्त्याचा. युरोपात दगडी रस्त्यांवरच्या सायकलशर्यतींना एक वेगळा मान आहे. सव्वाशेहून अधिक वर्षं चालत आलेली पॅरिस–रुबे ही त्यांतली सर्वांत कठीण. तिच्यात उतरलेले व्यावसायिक सायकलपटू दगडांबद्दल जे सांगतात ते वाचत गेलो, तसतसं मला वाटू लागलं की यातलं बरंचसं आपल्या घरात ऐकलेलं आहे. मग दोन्हीकडचे धागे जुळवून पाहायला लागलो. ते नेमके कुठे जुळतात आणि कुठे तुटतात, हे सांगण्यासाठी हा खटाटोप.

मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874ला सुरू झाली आणि विजेची 7 मे 1907ला. 31 मार्च 1964च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून सुटून दादरला आली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीनं उभी होती. त्या मार्गाचं टोक म्हणजे आपलं दादर टी.टी., ट्राम टर्मिनस. ट्राम गेल्याला साठ वर्षं होऊन गेली, खोदादाद सर्कलवर उड्डाणपूल आला, पण बसच्या रांगेत आजही माणूस 'टी.टी.'च म्हणतो. त्यातला पहिला टी कशाचा हे नव्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

ट्रामचा रूळ डांबरात टिकत नाही. गाडीच्या वजनानं तो खालीवर होतो आणि कडेचं डांबर फुटतं. म्हणून रुळांच्या मधे आणि दोन्ही अंगांना घडीव काळा दगड बसवत. विटेहून थोडा मोठा, वरून जेमतेम सपाट केलेला, एकाला एक लागून. रस्ता उखडायची वेळ आली तर दगड काढायचे, रूळ दुरुस्त करायचे, तेच दगड परत बसवायचे. बैलगाडीचं लोखंडी धावेचं चाक त्यावर शतकभर फिरलं तरी त्याला काही होत नसे. व्हायचं ते सायकलवाल्याला. आमचा काळा दगड फार कठीण, आणि चाकांनी, खुरांनी घासून घासून तो पायरीसारखा गुळगुळीत होई. उन्हाळ्यात ठीक. पहिल्या पावसाची सर आली, की दगडावर साचलेलं तेल, शेण, घोड्याची लीद यांचा जो राप तयार होई, त्यावर 28 बाय दीडचं टायर म्हणजे केवळ देवावर हवाला.

परळ, लालबाग, भायखळा हा ट्रामचा कणा. त्याच्या दुतर्फा गिरण्या. सकाळच्या पाळीच्या भोंग्याआधी त्या रस्त्यावरून पायी माणूस किती आणि सायकलवरचा किती, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पण जुन्या छायाचित्रांत गिरणीच्या फाटकाशी सायकली दिसतात आणि त्यांचे दांडे चादरीच्या तुकड्यानं गुंडाळलेले दिसतात. हा गुंडाळा शोभेचा नव्हता. दगडी रस्त्यावर हँडलचा हादरा तळहाताला बसतो, त्यावर केलेला तो घरगुती उपाय होता. रुबेच्या शर्यतीत उतरणारे आजही हँडलवर पट्टीचे दोन थर देतात.

आता रुबे. उत्तर फ्रान्समध्ये बेल्जमच्या सीमेला लागून असलेलं हे गाव लोकरीच्या गिरण्यांचं. हजार धुराड्यांचं शहर अशी त्याची ख्याती होती. लालबागच्या माणसाला याहून जास्त वर्णन नको. तिथल्या तेओदोर व्हियेन आणि मॉरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी 1895मध्ये सायकलशर्यतींसाठी एक गोल धावपट्टी बांधली. तिकडे प्रेक्षक यावेत म्हणून पुढच्याच वर्षी पॅरिसहून थेट रुबेपर्यंत शर्यत लावायची टूम काढली. 19 एप्रिल 1896, रविवार. अंतर सुमारे 280 किलोमीटर. जोसेफ फिशर हा जर्मन पहिला आला. तिसरा आला मॉरिस गारां, आणि मला या सगळ्या कथेत हा माणूस जास्त जवळचा वाटतो. इटलीतून पोटासाठी आलेलं पोर, धुराडी साफ करायचं काम करत मोठं झालेलं. रुबेतच त्यानं भावांबरोबर सायकलींचं दुकान टाकलं होतं. पुढची दोन वर्षं, 1897 आणि 1898, ही शर्यत त्यानंच जिंकली आणि 1903मध्ये पहिली टूर द फ्रान्सही. गिरणगावातल्या धुराड्यातून निघालेला माणूस गिरणगावच्या दगडांवर राजा झाला.

त्या काळी दगडी रस्ता हे त्या शर्यतीचं वैशिष्ट्य नव्हतं. सगळेच रस्ते तसे होते. पहिल्या महायुद्धानंतर 1919मध्ये मार्ग पाहायला गेलेल्या पत्रकारांना तोफांनी नांगरलेली शेतं, जळके खुंट आणि पडकी गावं दिसली. तेव्हापासून 'उत्तरेचा नरक' हे नाव पडलं. आज लोक समजतात की हे नाव दगडांमुळे आहे. ते आहे युद्धामुळे.

दगड वैशिष्ट्य ठरले ते बरेच नंतर, संपायला आले तेव्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावच्या महापौरांनी झपाट्यानं डांबर ओतायला सुरुवात केली. दूरचित्रवाणीवर आपल्या गावचा रस्ता दिसणार आणि तो असा, याची त्यांना लाज वाटे. आपल्या नगरसेवकांना हसण्याआधी हे लक्षात ठेवावं. शर्यत डांबरावरून सपाट्यानं जाऊ लागली आणि तिच्यातला राम जायची वेळ आली. तेव्हा संयोजकांनी उलटा शोध सुरू केला: कुठे शेतातला, जंगलातला, खाणीकडचा दगडी रस्ता उरला आहे का? आरेनबर्गच्या जंगलातली वाट दाखवली ज्याँ स्ताब्लिन्स्कीनं. पोलंडहून आलेल्या खाणकामगाराचा हा मुलगा, पुढे जगज्जेता सायकलपटू. कोवळ्या वयात तो त्याच जंगलाखालच्या कोळशाच्या खाणीत उतरलेला. 1968पासून शर्यत त्या वाटेनं जाऊ लागली. आरेनबर्गच्या दगडांखालून काम केलेला आणि वरून शर्यत धावलेला हा एकटाच माणूस. 2007मध्ये तो गेला. त्याच्या नावाची शिळा आता त्या वाटेच्या तोंडाशी उभी आहे.

आता मूळ प्रश्न. दगडांवर सायकल चालवताना काय होतं?

ज्यानं साध्या रस्त्यावर आयुष्य काढलं त्याला वाटतं, खडबडीत रस्ता आला की हळू व्हावं. दगडांवर हळू होणं हाच घात. चाक प्रत्येक फटीत उतरतं, प्रत्येक दगडावर चढतं, आणि पाहता पाहता तुम्ही उभे राहता. वेग असला तर चाक दगडांच्या माथ्यांवरून तरंगत जातं. म्हणून जड गियर लावायचा, बैठक मागे सरकवायची आणि हँडल सैल धरायचं. हे सैल धरणं फार अवघड. सगळं शरीर सांगत असतं की घट्ट आवळ, आणि आवळलं की हादरा मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात. तासाभरानं बोटांना ब्रेक दाबल्याचं कळत नाही. तळहाताला फोड येतात, ते फुटतात. रस्त्याची पाठ मधे उंच आणि कडा खाली असतात. पाठीवर दगड जरा बरे, कडेला मातीची अरुंद पट्टी, तिथे हादरा कमी पण पंक्चरची भीती जास्त. सगळेजण त्या एका विताच्या पट्टीसाठी भांडतात. पाऊस पडला तर चिखलात कोण कुणाच्या संघाचा हेही ओळखू येत नाही. 260 किलोमीटरच्या आसपासच्या शर्यतीत असे 55 किलोमीटर, तीसेक तुकड्यांत विभागलेले. एक संपला की जरा डांबर, आणि हाताला रक्त येऊ लागतं तोच पुढचा.

1998मध्ये योहान म्युझीव्ह हा बेल्जन आरेनबर्गमध्ये पडला आणि त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. जखमेत विषार भिनून पाय जायची पाळी आली होती. दोन वर्षांनी तोच माणूस ही शर्यत जिंकून आला आणि शेवटची रेषा ओलांडताना त्यानं पाय उचलून गुडघ्याकडे बोट दाखवलं. 2021च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा बायकांची शर्यत झाली. सव्वाशे वर्षं लागली त्याला. इंग्लंडची लिझी डाइगनन ऐंशीएक किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली. हातमोजे घातले नव्हते, हँडलची पांढरी पट्टी रक्तानं माखलेली होती. तिला बक्षीस 1,535 युरो, पुरुष विजेत्याला 30,000. संघानं पुढे फरक भरून दिला, पण आकडा तो आकडा.

विजेत्याला चषक म्हणून मिळतो तो रस्त्यातलाच एक दगड, लाकडी बैठकीवर बसवलेला. ही प्रथा 1977पासूनची. रुबेच्या धावपट्टीजवळ जुनं न्हाणीघर आहे, काँक्रीटच्या आडोशांचं. एकेका आडोशावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी. आणि दगडांची देखभाल करायला 1983मध्ये 'पॅरिस–रुबेचे मित्र' नावाची मंडळी उभी राहिली. उखडलेले दगड परत बसवतात, चिखल काढतात, बागकामाच्या शाळेतली मुलं मदतीला येतात. अलीकडे तर आरेनबर्गमध्ये दगडांच्या फटींतलं गवत खायला बकऱ्या सोडल्या होत्या. हे वाचून मी मनापासून हसलो, आणि थोडा मत्सरही वाटला.

मुंबईत दगड होते, गिरण्या होत्या, सायकली होत्या. सायकलपटूही होते, आणि त्यांतले पहिले मोठे पारशी. व्यायामशाळेचं वेड, हाताशी थोडा पैसा आणि नव्या यंत्राची हौस या तिन्ही गोष्टी त्या समाजात एकत्र आल्या होत्या. 15 ऑक्टोबर 1923ला मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला, नरिमान कापडिया. नरिमान तेहरानहून घरच्या कारणासाठी परतला, गुस्ताद अमेरिकेत राहिला, केकीनंही वाट सोडली. उरलेले तिघं 18 मार्च 1928ला मुंबईत पोचले. 44,000 मैल झाले होते. त्यांचं इंग्रजी पुस्तक 1931मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. बगदादहून अलेप्पोपर्यंतचं वाळवंट त्यांनी 23 दिवसांत ओलांडलं. अनेक दशकं विस्मरणात गेलेली ही कथा गोव्यात राहणाऱ्या अनूप बाबानी आणि साविया व्हिएगस यांनी अलीकडे पुन्हा पुढे आणली, हे त्यांचे उपकारच.

या तिघांनी लिहून ठेवलं म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. ज्यांनी लिहिलं नाही ते नाहीत. मुंबईच्या सायकलशर्यतींच्या इतिहासाची ही खरी अडचण आहे. आपल्याकडे क्रिकेटच्या एकेका धावेची नोंद सापडते. कांगा लीगमधला कुठला सामना कुठल्या साली पावसानं वाहून गेला हे शिवाजी पार्कातले जाणते कट्ट्यावर बसून सांगतील. सायकलला असा कट्टा मिळाला नाही.

तरी सांगाडा उभा करता येतो. 1938मध्ये सिडनीच्या ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये भारताकडून सायकलवर एकटा जानकीदास उतरला. हेच जानकीदास पुढे हिंदी चित्रपटांत असंख्य छोट्या भूमिका करताना दिसले. पडद्यावर पाहताना आपल्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल का? मुंबईच्या सोहराब भूत यांना बरोबर घेऊन त्यांनी 1946मध्ये सायकलिंगचा राष्ट्रीय महासंघ उभा केला. 1948च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा सायकल चमू गेला. आदी हवेवाला, जहांगू अमीन, रुसी मुल्ला फिरोज, रोहिंटन नोबल अशी नावं वाचली, तर दादरच्या पारशी कॉलनीतल्या एखाद्या इमारतीच्या जिन्याशी लावलेली पाटी वाचतो आहोत असं वाटावं. तिथली रस्त्यावरची शर्यत विंडसरच्या बागेत, सुमारे 195 किलोमीटरची. जिंकला फ्रान्सचा जोझे बेयार, सांघिक सुवर्ण बेल्जमला. म्हणजे आमची माणसं ज्यांच्यासमोर उभी राहिली ती रुबेच्याच मुलखातली, लहानपणापासून दगडांवर वाढलेली पोरं होती. मुंबईचे गडी तेव्हा नोकरी सांभाळून, पहाटेच्या वेळी रस्ता मोकळा असेल तेवढा सराव करून गेलेले.

या हौशीपणाला मी दोष देत नाही. पण त्याचा गौरव करण्याची जी आपली सवय आहे, तिचाही मला कंटाळा आहे. बेल्जमच्या शेतकऱ्याच्या पोराला सायकल ही शेतातून सुटका होती. जिंकला तर पैसा, घर, दुकान. आमच्याकडे जिंकला तर ढाल, प्रमाणपत्र आणि फार तर रेल्वेत किंवा लष्करात कायमची नोकरी. ती नोकरी हाच आमचा व्यावसायिकपणा. 1952च्या हेलसिंकी आणि 1964च्या टोकियोनंतर भारताचा एकही सायकलपटू ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. 1964. त्याच वर्षी दादरची ट्राम गेली. योगायोगच, दुसरं काही नाही.

मुंबईची रुबे म्हणावी अशी शर्यत एकच, मुंबई–पुणे. 1945पासूनची. तिच्यात दगडी फरसबंदी नव्हती, बोरघाट होता. शहर मागे टाकून पनवेल, खोपोली, आणि मग सुमारे पाचशे मीटरची चढण. सायकलच्या शर्यतीत दगड आणि घाट यांचं काम एकच: घोळक्याच्या आडोशानं आलेल्याला उघडा पाडायचं. सपाटीवर पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवता येतो. घाटात आणि दगडांवर ज्याचा त्याचा भार ज्यानं त्यानं वाहायचा. म्हणून त्या शर्यतीत पुण्याला पहिल्या येणाऱ्याइतकाच मान घाट पहिला चढणाऱ्याला, 'घाटाचा राजा'ला. हा किताब किती सुंदर आहे! फ्रेंचांच्या 'पर्वतांचा राजा'ची ती नक्कल असेलही, पण मराठीत 'घाट' म्हटल्यावर त्याला वेगळंच वजन येतं. त्याच घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला वाट दाखवणाऱ्या धनगराचं, ज्याला बक्षिसापोटी गोळी मिळाली असं लोक सांगतात. एस.टी.चा ड्रायव्हर तिथं नाणं टाकतो. शर्यतीतला सायकलवाला नाणं टाकत नसणार. त्याचा एक हात सुटणं म्हणजे दहा फूट गेले. पण त्या वळणावर मान जराशी झुकतेच, आणि ती दमानं झुकली की भक्तीनं हे शिंग्रोबानं ठरवावं.

व्यावसायिक सायकलपटू मुंबईत नव्हता असं वर म्हटलं, ते खरं तर चूक आहे. पोटासाठी सायकल चालवणारा म्हणजे व्यावसायिक, ही सरळ व्याख्या घेतली, तर मुंबई त्यांनी भरलेली होती. पाववाला, दूधवाला, तारवाला. आणि डबेवाला. 1890मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून ही परंपरा धरतात. मावळातले, जुन्नर-खेड-राजगुरुनगरकडचे हे लोक घाट उतरून मुंबईत आले. घरून डबे गोळा करायचे, सायकलच्या हँडलला नि कॅरिअरला लटकवायचे, स्टेशन गाठायचं. तीसेक डबे लादलेली सायकल दगडी रस्त्यावरून, रूळ आडवे कापत, लोकलच्या वेळेला पोचवायची, आणि आमटी सांडता कामा नये. रुबेच्या शर्यतीत सायकलचं वजन आठेक किलो असतं. दादर स्टेशनबाहेर सकाळी साडेदहाला उभं राहून डबेवाल्याची सायकल नुसती उचलून पाहा. त्यात भर म्हणजे त्यांची शर्यत वर्षातून एकदा नसते.

आणि दुसरा एक व्यावसायिक, जो आता पार नाहीसा झाला. मैदानातला अखंड सायकलवाला. माझ्या लहानपणी लालबाग, नायगाव, भोईवाडा इकडच्या मोकळ्या जागांत कुणीतरी यायचा. बांबू ठोकून गोल आखला जाई, मधे खांबावर कर्णा आणि दिवे. हा माणूस पाच दिवस, सात दिवस, सायकलवरून न उतरता त्या गोलात फिरत राही. सायकलवरच दात घासणं, सायकलवरच अंघोळ, शर्ट बदलणं, जेवण. रात्री गर्दी ओसरली की त्याचा साथीदार बाजूनं चालत त्याच्याशी बोलत राही, झोप लागू नये म्हणून. दिवसा कर्ण्यावर गाणी. बायका मुलांना घेऊन येत, कुणी त्याच्या शर्टाला रुपयाची नोट टाचणीनं लावी. शेवटच्या दिवशी हार, गुलाल. मग तो उतरे, पण पाय जमिनीला लागत नसत. दोघं धरून खाली घेत. तो कुठून आला, पुढे कुठे गेला, आम्ही कधी विचारलं नाही. 1972च्या 'शोर' चित्रपटात मनोजकुमारचा नायक मुलाच्या शस्त्रक्रियेच्या पैशासाठी असाच दिवसरात्र सायकल फिरवतो. आज तो प्रसंग अतिरंजित वाटतो म्हणणारे भेटतात. ज्यांनी मैदानात पाहिलंय त्यांना वाटत नाही.

रुबेचा सायकलपटू दगडांवर सहा तास काढतो त्याला आपण वीर म्हणतो. मातीच्या गोलात सात दिवस काढणाऱ्याला आम्ही खेळ करणारा म्हणालो. आजही मला या दोघांतला फरक नीट सांगता येत नाही. फक्त एवढंच दिसतं, की एकाच्या मागे गिरणीमालक, वर्तमानपत्र, सायकल कंपनी आणि शेवटी सरकार उभं राहिलं. दुसऱ्याच्या मागे कर्णा होता.

सायकल कंपन्या आमच्याकडेही होत्या. बिर्लांचा हिंद सायकल कारखाना वरळीत होता. कारखाना गेला, पण वरळीत हिंद सायकल मार्ग अजून आहे. त्या रस्त्यानं सायकल चालवायची मात्र छाती होत नाही. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हळूहळू गिरणगावातली सायकलच गेली. ज्याला पाळीला पोचायचं नाही त्याला सायकल कशाला? रुबेच्याही गिरण्या मेल्या. तिथली शेवटची मोठी लोकरगिरणी 2000मध्ये बंद झाली आणि गाव गरीब झालं. तरी वर्षातून एक रविवार जगाला रुबेचं नाव घ्यावं लागतं, आणि ते गिरणीमालकांनी बांधलेल्या शर्यतीमुळे. आम्ही धुराडी पाडली, दगड उखडून भरणीला टाकले, रुळांवर डांबर ओतलं. नंतर मॉलच्या अंगणात मशीनकट दगड पसरून त्याला जुनी मुंबई म्हणालो. हे लिहिताना माझा तोल सुटतोय याची मला जाणीव आहे.

मुंबई–पुणे शर्यतही कधी चालू, कधी बंद. द्रुतगती मार्ग झाला त्यावर सायकलला बंदी, ते योग्यही आहे. जुन्या रस्त्यावर अवजड गाड्या. शर्यतीसाठी तो काही तास अडवायचा तर किती परवानग्या लागत असतील, याची कल्पना सार्वजनिक गणेशोत्सवाचा मांडव घालणाऱ्यालाच यावी. 2017च्या नोव्हेंबरात मुंबईचे ज्येष्ठ सायकलपटू अशोक खळे नाशिक महामार्गावर सायकल चालवताना वाहनाची धडक बसून गेले. वय 64. तरुणपणी शर्यती जिंकलेला आणि साठीनंतरही पहाटे रस्त्यावर उतरणारा माणूस. रुबेच्या दगडांनी हाडं मोडली असतील, पण त्या दिवशी रस्ता तरी सायकलवाल्याचा असतो.

आणि तरी पोरं थांबलेली नाहीत. 2015मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत दोघांच्या संघात पुरी केली. 2017मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं केली. कुणी डॉक्टर, कुणी सैन्यात. पुन्हा तेच, नोकरी सांभाळून. रविवारी पहाटे पाचला दादर टी.टी.वर उड्डाणपुलाखाली उभं राहिलं, तर हेल्मेटवर लुकलुकते दिवे लावलेली टोळकी चेंबूरच्या दिशेनं जाताना दिसतात. त्यातला एक मुलगा आमच्याच इमारतीतला. खोपोलीपर्यंत जाऊन येतो.

फ्लोरा फाउंटनचे रूळ पाहून परतलो त्या संध्याकाळी तो जिन्यात भेटला. गुडघ्याला पट्टी, हातात वाकलेलं पुढचं चाक. परळला मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर लोखंडी पत्रे टाकले होते, दोन पत्र्यांच्या फटीत टायर बसलं म्हणाला. मी त्याला विचारलं, फटीच्या अंगानं गेलास की आडवी कापलीस? त्याला प्रश्न कळला नाही. मग जिन्यातच त्याचं चाक हातात घेऊन त्याला दाखवलं.